२८ खणांची गोळ्यांची डबी, दीड वर्ष वापरल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. एक स्टार झाकणांसाठी कापला अन् अर्धा त्यावरच्या इंग्रजी अक्षरांसाठी. ज्यांना एवढंच पाहिजे होतं ते इथून गेले तरी चालते. बाकीच्यांनी थोडा वेळ काढा, कारण ही डबी मी शुगरच्या गोळ्यांसाठी घेतली नाही, आईच्या मानसिक आजाराच्या गोळ्यांसाठी घेतली, अन् त्या गोळ्यांचा हिशोब जरा वेगळा असतो.

वस्तू काय आहे ते सांगते. एक पसरट ट्रे, त्यात सात पट्ट्या बसतात, एका दिवसाची एक, अन् प्रत्येक पट्टीला चार खण, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र. पट्टी सुटी काढून पर्समध्ये टाकता येते हे फार कामाचं आहे, लग्नाला वगैरे जायचं असलं तर अख्खा संसार न्यावा लागत नाही. मेडिकल चौकातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून २६० रुपयाला घेतली, ऑनलाइन तीच डबी ३४९ ला दिसून राहिली होती. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'मेडिकल' म्हणजे गव्हर्मेंट मेडिकल कॉलेज. औषधाच्या दुकानालाही मेडिकलच म्हणतो. खाली दोन्ही येईल, समजून घ्या.) कंपनीचं नाव कुठेच नाही, त्यामुळे विचारू नका.

याच्या आधी आई काय वापरायची सांगू? मिसळणाचा डबा. जुना स्टीलचा, सात वाट्यांचा. सात वाट्या सात वार, हे तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं अन् मला त्याचं खरंच कौतुक आहे. फक्त तो डबा तीस वर्षं स्वयंपाकघरात राहिलेला, त्यामुळे लिथियमच्या पांढऱ्या गोळीला कडेनं हळदीचा पिवळा रंग यायचा अन् क्वेटायपिनला हिंगाचा वास. आणि डबा असायचा देव्हाऱ्याच्या मागे. कोणी आलं की दिसायला नको म्हणून. आईला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढते अन् कधी फार खाली जाते तो आजार, २२ वर्षं झाली निदान होऊन, आणि त्या काळात आमच्या नातेवाईकांत एकच विनोद चालायचा, कोराडी रोडचा. प्रादेशिक मनोरुग्णालय तिकडे आहे ना, त्या चौकाला लोक अजूनही सरळ पागलखाना चौक म्हणतात, ऑटोवालेसुद्धा. तर गोळ्या देवाच्या मागे.

या डबीचा पहिला फायदा हाच झाला जो बॉक्सवर छापलेला नाही. डबीत गेल्यावर सगळ्या गोळ्या सारख्याच दिसतात. पत्त्यावरची (म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिपवरची) लाल पट्टी नाही, नाव नाही, बघणाऱ्याला वाटते बीपीच्या असतील. आता डबी डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी राहते अन् आई पाहुण्यांसमोर खण उघडून गोळी घेते. मला तर यातच पैसे वसूल झाले असं वाटून गेलं होतं.

पण तोटाही तोच. नाव नाही, एक्स्पायरी नाही, बॅच नंबर नाही. म्हणून मी काय करते, दर रविवारी संध्याकाळी भरताना सगळे पत्ते टेबलवर मांडून एक फोटो काढते अन् मग भरते. सुरुवातीला नवरा हसायचा, काय फोटोसेशन चालू आहे म्हणून. आता हसत नाही.

मे २०२४ मधली गोष्ट आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला होता, तोच आठवडा ज्यात रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या ऑटोमॅटिक यंत्रानं ५६ डिग्री दाखवले अन् देशभर बातमी झाली, मग खात्यानं सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. यंत्र बिघडलेलं असो, पंचेचाळीसच्या आसपास तर होतंच. आई दुपारी पाणी पिऊन राहिली होती की नाही, कोण बघते, मी ऑफिसला. त्यात बीपी वाढलं म्हणून महिन्याच्या सुरुवातीला फॅमिली डॉक्टरांनी जुनी अम्लोडिपिन बंद करून नवीन गोळी दिली होती, टेल्मिसार्टन विथ हायड्रोक्लोरोथायाझाइड, अन् मीठ कमी करा सांगितलं. आई सांगितलेलं ऐकणारी बाई, मीठ जवळजवळ बंदच केलं. आणि गुडघे दुखत होते म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली, दुकानदार म्हणाला पॅरासिटामॉलचीच आहे काकू. होती, पण पॅरासिटामॉलसोबत एसिक्लोफेनॅकही होतं, ते पत्त्यावर बारीक अक्षरात.

मी काय केलं? या सगळ्या गोळ्या छान ओळीत डबीत भरल्या. तीन आठवडे. सकाळच्या खणात नवी बीपीची, दुपारी अन् रात्री दुखण्याची. डबी इतकी नीटनेटकी दिसायची की मला माझंच कौतुक वाटायचं. म्हणून या डबीचे रिव्ह्यू वाचताना कोणी लिहिलं की 'यामुळे औषधं सेफ झाली' तर मला राग येते. डबीला काय माहीत आत काय आहे. ती गोळ्या वेळेवर देते, त्या चुकीच्या असल्या तर चुकीच्याही वेळेवर देते.

हात तर आईचा आधीपासून थोडा थरथरायचा, लिथियमवाल्या बऱ्याच लोकांचा थरथरतो, बारीक थरथर, त्याची आम्हाला सवय. पण त्या रविवारी चहाचा कप बशीवर ठेवताना खणखण खणखण आवाज आला अन् अर्धा चहा बशीत. मी डबी भरायलाच बसली होती. म्हटलं आई, काय झालं, तर ती बोलली त्यातले शब्द एकमेकांत अडकले, जिभेवर गरम काहीतरी ठेवून बोलल्यासारखे. दोन दिवसांपासून पातळ होत होतं तेही तेव्हाच कळलं, तिला वाटलं आंबा बाधला. मी समोरचे पत्ते बघितले अन् पहिल्यांदा मोजले. महिन्याभरापूर्वीच्या फोटोत पाच पत्ते. टेबलवर सहा, त्यातले दोन नवे.

तशीच डबी पिशवीत टाकली, सगळे पत्तेही, अन् धंतोलीला आमच्या मानसोपचार डॉक्टरांकडे फोन करत करत निघालो. त्यांनी फोनवरच सांगितलं लिथियमची पुढची गोळी देऊ नका, सरळ हॉस्पिटलला आणा. रक्तात लिथियमची लेव्हल आली १.९. आईची नेहमीची ०.७ च्या आसपास असते. साधारण ०.६ ते १ मध्ये ठेवतात, म्हाताऱ्या माणसाला खालच्या बाजूला, अन् दीडच्या वर गेलं की विषबाधा धरतात. म्हणजे औषध अन् विष यांच्यात एवढंसं अंतर, दुपटीचंच. गोळी तीच, डोस तोच, त्या महिन्यात एक गोळी जास्त घेतली नाही तिनं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. किडनीला लिथियम हे मिठासारखंच वाटते, सोडियम समजा. उन्हानं पाणी कमी झालं, जेवणातलं मीठ कमी झालं, की किडनी मीठ धरून ठेवते, बाहेर सोडत नाही, अन् त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते. त्यावर नव्या बीपीच्या गोळीतली ती लघवीवाटे मीठ काढणारी थायाझाइड, त्यामुळे किडनी अजून घट्ट धरते. टेल्मिसार्टनही लिथियम वाढवते. एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी दुखण्याची मंडळीही वाढवतात. आईच्या बाबतीत पाचही गोष्टी एकाच महिन्यात. ऊन, मीठ, दोन औषधांची एक गोळी अन् वरून दुखण्याची. एकेकटी असती तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं.

तीन दिवस सलाइनवर होती. तिसऱ्या दिवशी जीभ नीट झाली तर पहिला प्रश्न, माझी डबी कुठे आहे. नवरा तिचं मन रमवायला मोबाइलवर वाचून काही काही सांगत होता, त्यात त्याला सापडलं की सेव्हन अप १९२९ मध्ये निघालं तेव्हा त्यात लिथियम घालायचे, १९४८ पर्यंत. अन् पुढच्याच वर्षी, १९४९ ला, ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं ते याच आजारासाठी वापरून दाखवलं. त्याच साली अमेरिकेत मिठाऐवजी लिथियमचं मीठ खाऊन माणसं दगावली म्हणून ते मीठ बंद केलं. आई म्हणाली, म्हणजे मी २२ वर्षांपासून कोल्ड्रिंकच पिऊन राहिली की काय. हसली, तेव्हा मला बरं वाटलं.

फॅमिली डॉक्टरांना नंतर जाऊन भेटली मी. भांडायला नाही गेली, खरंच. त्यांनी विचारलं नव्हतं की बाकी काय चालू आहे, अन् आम्ही सांगितलं नव्हतं, लाजेपायी, ते देव्हाऱ्यामागचं. म्हणजे दोघांचीही चूक, पण विचारणं हे त्यांचं काम आहे असं माझं मत आहे अन् मी ते बदलणार नाही. ते मला म्हणाले एवढं इंटरनेट वाचत जाऊ नका. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलं आहे की पेशंटला उपचार काय अन् त्याचे दुष्परिणाम काय हे जाणून घ्यायचा हक्क आहे, त्याला काय इंटरनेट म्हणायचं? बीपीची गोळी परत अम्लोडिपिन झाली. गुडघ्याला साधी पॅरासिटामॉल, नुसती, अन् शेक.

तेव्हापासून डबीचा नियम बदलला. नवीन गोळी आली, कोणाचीही असो, खोकल्याची असो, ती आधी डबीत जात नाही. पत्त्याचा फोटो आमच्या मानसोपचार डॉक्टरांच्या क्लिनिकच्या नंबरवर जाते, तिथून हो आलं की मग खण. तोपर्यंत खण रिकामा. आणि लिथियमची लेव्हल आधी सहा महिन्यांनी करायचो ती आता उन्हाळ्यात मध्ये एकदा जास्तीची, सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असते, यासाठीही डबी कामाची: रक्त देईपर्यंत सकाळचा खण उघडायचाच नाही, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवते. पूर्वी दोनदा असं झालं की आई लॅबला जायच्या आधी सवयीनं गोळी घेऊन बसली अन् लेव्हल उगाच जास्त आली.

आता वस्तूच्या खोड्या.

झाकणं. टक् आवाज करून बसतात, तो आवाज चांगला आहे, लागलं की नाही कळते. पण उघडायला नख लागते, अन् सांधे धरलेल्या बोटांना ते जमत नाही. आई चमच्याच्या दांड्यानं उघडते, त्यात एकदा गोळी उडून कूलरखाली गेली. गंमत म्हणजे माझ्या भाचीनं, वय साडेतीन, तिनं तीस सेकंदात चार खण उघडून दाखवले. म्हणजे ज्याला उघडायला पाहिजे त्याला उघडत नाही अन् ज्याला नको त्याला उघडते. लहान मुलं येत असतील तर डबी वरच ठेवा, यातली एकेक गोळी लेकराला भारी पडू शकते. आणि शनिवारच्या रात्रीच्या खणाचं झाकण सहाव्या महिन्यात बिजागरीतून तुटलं, रबर बँड लावून चालू आहे.

अक्षरं. एस एम टी डब्ल्यू टी एफ एस. आता सांगा, दोन एस अन् दोन टी, आईसारख्या सातवीपर्यंत मराठी शिकलेल्या बाईनं यातून शनिवार कोणता काढायचा? पहिल्या आठवड्यात तिनं रविवारी शनिवारच्या गोळ्या घेतल्या, त्या सारख्याच होत्या म्हणून काही बिघडलं नाही. मी नेलपॉलिशनं र, सो, मं, बु, गु, शु, श लिहिलं. सकाळच्या खणावर सूर्य, रात्रीच्या खणावर चंद्रकोर. नेलपॉलिश दीड वर्ष टिकलं, त्याला पाच स्टार.

ऊन अन् ओल. पत्त्यावर ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं छापलेलं असते, नागपुरात मे महिन्यात हे वाचून हसायचं की रडायचं. फ्रिजमध्ये ठेवू नका, सांगितल्याशिवाय तर नाहीच, काढघाल करताना पाणी सुटते. माठाजवळ नको, कूलरच्या तोंडापुढे तर बिलकुलच नको. आमच्या शेजारच्या काकांनी माझं बघून हीच डबी घेतली, त्यांना सोडियम व्हॅलप्रोएट चालू आहे, ती गोळी हवेतली ओल ओढते, कूलरच्या खोलीत चार दिवसांत चिकट होऊन खणाला बसली. ती पत्त्यातून त्या वेळेलाच फोडायची असते. तसंच तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांचं, ओलांझापिनच्या येतात तशा. मग आम्ही काय केलं, पत्ता कात्रीनं गोळी-गोळी वेगळा कापून, गोळी आतच ठेवून तो तुकडा खणात टाकला. खण जेमतेम मावते. कडा टोचतात, जपून.

याच काकांच्या मुलाला दुसऱ्या आजारासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे, हालचाली आखडल्या होत्या म्हणून दिलेली. त्यानं घाम कमी येते हे त्यांना कोणी बोललंच नव्हतं. घाम न येणारा माणूस अन् नागपूरचा मे. त्याला आता दुपारी बाहेर पडू देत नाहीत, ओला दुपट्टा अन् पाण्याची बाटली सोबत असल्याशिवाय. हे डबीशी संबंधित नाही, पण आठवलं तर लिहून टाकलं, कोणाच्या घरी ही गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आता कटर. डबीच्या तळाशी छोटंसं ब्लेड दिलेलं आहे गोळी अर्धी करायला. ब्लेड धारदार आहे, मधोमध रेघ असलेली गोळी नीट दोन होते, बिनरेघेची चुरा होते. पण डबीवर कुठेही लिहिलेलं नाही की काय कापायचं नाही. आईची लिथियम एसआर आहे, म्हणजे हळूहळू विरघळणारी, ती कापली किंवा ठेचली की एकदम सुटते. नावापुढे एसआर, ईआर, सीआर असलं काही असलं तर विचारल्याशिवाय ब्लेड लावू नका.

कटरचं खरं काम पडलं इतवारीच्या मावशीला. मावशीनं आईची डबी बघितली, म्हणाली मलाही आण. नेऊन दिली अन् भरून द्यायला बसली. मावशीच्या पिशवीतून निघालं अल्प्राझोलाम, ०.५ ची, एका नावाची. मग अजून एक पत्ता, दुसऱ्या नावाचा, रंग वेगळा. बारीक अक्षर वाचलं तर तेही अल्प्राझोलामच. मी म्हटलं मावशी या दोन्ही काहून घेते? तर म्हणाली एक झोपेची आहे अन् एक घाबरल्यासारखं होते त्याची. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, दोन वेगवेगळ्या वर्षी, अन् पुढे कोणालाच न दाखवता चालू. चौदा वर्षं! अन् चिठ्ठी? चौदा वर्षांत जुन्या चिठ्ठीची घडी फाटून गेली होती, मेडिकलवाला बघतसुद्धा नव्हता. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहे, मार्च २०१४ पासून तो नियम लागू आहे, दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं अन् डॉक्टरचं नाव, किती दिली ते लिहून तीन वर्षं ठेवायचं असते. मावशीचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये असेल असं मला वाटत नाही. वर्षात दोनदा रात्री बाथरूमला जाताना पडली होती ती, घरच्यांना वाटायचं वय झालं.

मी घाबरून म्हटलं आजपासून बंद कर. हे बोलायला नको होतं. मावशी दोन दिवस खरंच बंद करून बसली, हातपाय थरथर, घाम, रात्रभर जागी, छातीत धडधड. बरं झालं मावसभावानं फोन केला. इतक्या वर्षांची ही गोळी एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत नेलं (कॉलेजवालं मेडिकल), दोन तास लाइनमध्ये, पण तिथल्या डॉक्टर मुलीनं शांतपणे बसवून दोन्ही गोळ्यांचा एकत्र हिशोब केला अन् कागदावर उतरती मांडणी करून दिली. दर दोन आठवड्यांनी थोडी कमी. आणि इथे डबीनं खरंच कमाल केली. कमी करणं हे डोक्यात ठेवून होत नाही, कारण रात्री दोन वाजता झोप येत नसली की माणूस स्वतःशीच तडजोड करते, आज एक घेऊ, उद्यापासून कमी करू. खणात अर्धीच आहे म्हटल्यावर अर्धीच. बाकीचा पत्ता मावसभावाच्या कपाटात, कुलपात. पाच महिने लागले. मध्ये दोनदा आहे तिथेच थांबावं लागलं. आता पाव गोळीवर आली आहे, पाव करताना कटर निम्म्या वेळा धोका देते, म्हणून डॉक्टरांनी कमी ताकदीची लिहून दिली, ०.२५ ची, तीच अर्धी करायची.

कुलपावरून आठवलं. डबीत आठवड्याचंच मावते, ही मला आधी अडचण वाटायची, आता सोय वाटते. आईचे वाईट दिवस आले होते मागच्या श्रावणात, फार वाईट, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं की महिन्याचं औषध घरात उघडं ठेवू नका. लिथियम एकदम जास्त गेलं तर काय होते ते आम्ही पाहिलेलंच आहे. तेव्हा डबी पण माझ्या खोलीत होती अन् मी वेळेला एक पट्टी काढून द्यायची. आईला ते आवडलं नाही, लहान पोर समजता का म्हणाली. पण पट्टी घेतली. रात्री-बेरात्री डॉक्टर मिळत नसले तर सरकारचा मानसिक त्रासासाठीचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, मराठीत बोलतात, मी एकदा लावला होता.

अजून एक वापर सांगते. घेतली की नाही घेतली, हा वाद आमच्या घरून संपला. पूर्वी आई विसरायची अन् मग शंका आली की परत घ्यायची. आता खण बघायचा. रिकामा म्हणजे घेतली. भरलेला असला अन् वेळ फार टळून गेली असली तर ती राहू द्यायची, पुढच्या वेळी दोन नाही घ्यायच्या, हे लिथियमला तर अगदी काटेकोर. थायरॉक्सिन उपाशीपोटी सूर्याच्या खणात (लिथियमनंच थायरॉइड गेलं तिचं, म्हणून ती गोळी), कॅल्शियम चार तासांनी दुपारच्या खणात. क्वेटायपिन चंद्रकोरीच्या खणात, ती घेतल्यावर फिरायचं नाही, अन् रात्री उठायचं झालं तर आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसायचं, कारण एकदम उठलं की बीपी खाली जाते. हे मिनिटभर बसायचं आई विसरते. डबीत त्यासाठी खण नाही.

एक तक्रार डबीबनवणाऱ्यांना नाही, मेडिकलवाल्यांना आहे. अर्धा पत्ता मागितला की कापून देता ते ठीक, पण एक्स्पायरीवाला तुकडा नेहमी तुमच्याकडेच कसा राहते? अन् लिथियम ४०० एसआर संपली म्हणून साधी ३०० देऊन 'एकच आहे ताई' म्हणू नका. एकच नाही आहे. मी परत केली अन् मग गंजीपेठच्या दवा बाजारात जाऊन फिरून फिरून आणली, चाळीस डिग्रीत, तोंडाला दुपट्टा बांधून.

आणि एखाद्या गोळीचा त्रास झाला तर तो कळवायला डॉक्टरच लागते असं नाही, आपणही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ वर, टोल फ्री आहे, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा नंबर. मी आईचं कळवलं होतं. पत्त्यांचे फोटो होते म्हणून बॅच नंबरसकट सगळं सांगता आलं.

तर घ्यायची का? घ्या, पण भरायला बसाल तेव्हा चष्मा लावून बसा अन् पत्ते मोजा. सांधे धरलेले असतील तर बटण दाबून उघडणारी मिळते, ५०० च्या वर आहे, ती मी वापरलेली नाही. आमच्या डबीचं बुधवारच्या दुपारचं झाकणही आता हलायला लागलं आहे. आईला म्हटलं नवीन आणू, तर म्हणाली त्याच्यावर परत सूर्य-चंद्र काढत बसशील, राहू दे, रबर बँड आण अजून एक.